पायाले घातली घडाची पिशवी

आता काय सांगू भो तुम्हाले! हसा, पन आधी ऐका. साऱ्या शिवारात माह्या केळीसारखी केळी नही. एक डाग दाखवा! काहून? घड निसवला, म्हंजे झाडातून बाहेर पडला, की मी त्याले पिलास्टिकची पिशवी चढवतो. ना धूळ, ना किडा, ना थंडी.

तर झालं काय, मळ्यात गंजेल खिळा पायात घुसला. अंगठ्याच्या खाली, चांगला खोल.

बायको म्हने, "दवाखान्यात जा."

"एवढ्याशा भोकाले डॉक्टर? सारा मळा सांभाळतो, एक अंगठा नही सांभाळाचा?"

हळद कोंबली, वरून घडाची पिशवी चढवली, सुतळीनं गच्च आवळली. आता कोनता जंतू शिरतो पाहू!

सकाळी ठणका. मी म्हन्लं, कुठून तरी हवा शिरली असंल. अजून एक पिशवी! मंग पाय टम्म. अजून एक, अन् वरून चिकटपट्टी!

शेजारचा नाना वरडला, "आबा, पाय पिकवाले टाकला का?"

"तुह्यं काय जातं? एक्सपोर्टचा माल हाये!"

शेवटी ताप भरला अन् बायकोनं सुतळी कापली. अरे बापा! असा वास, की दारातलं कुत्रं पयालं!

दवाखान्यात डॉक्टरीन बाईनं पाहिलं अन् म्हने, "आबा, अंगठा राहील का, आत्ताच सांगता येत नाही."

मी म्हन्लं, बाई, अंगठा नही त चिखलात पाय कसा रोवाचा?

भरती केलं, चिरलं, धुतलं, इंजेक्शनं टोचली, अन् जखम उघडीच ठेवली. मंग एक दिवस बाई हसत आल्या. "वाचला अंगठा! काही जंतूंना बिनहवेचीच जागा आवडते. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले शिपाई. जंतू जाळायचं त्यांचं मोठं हत्यार हवेवर चालतं, आणि तुम्ही हवाच कोंडलीत! तरी औषध पोचेपर्यंत दुसरी हत्यारं घेऊन लढल्या बिचाऱ्या."

"हवा नही, तरी लढले?"

"लढले."

छाती अशी फुगली भो, सदऱ्याची गुंडी तुटाची! साऱ्या वार्डाले सांगितलं, "ऐका रे! रक्त पाहा माह्यं! बिनहवेचे शिपाई!"

बायको डबा उघडत होती. मान वर न करता म्हने, "त्या शिपायांचीच कमाल हो बाई. आत जंतूंशी लढा, अन् बाहेरून ह्यांच्याशी!"