द्वारकाबाईनं पोतारलेली भिंत

हसनाबादेत द्वारकाबाईच्या भिंतीला तोड नव्हती. गल्लीत सिमेंटची घरं उठली, फरश्या आल्या, तरी या बाईचं मातीचं घर बघून माणसं दारात थबकायची. पांढरी माती चाळायची, त्यात ताजं शेण आणि बारीक भुसा कालवायचा, आणि हातानंच भिंत अशी पोतारायची की बोटांच्या कमानी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकसारख्या. भेग दिसली की बाईला चैन पडायची नाही. जेवता जेवता उठून लिंपायची. दुसऱ्याच्या ओसरीवर पाहुणी म्हणून बसली तरी नजर भिंतीवरच. "अगं, ही भेग कशाला पोसून ठेवली?" असं तोंडावर विचारायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही, असली बाई!

तिचा मुलगा वसंता बोअरच्या गाडीवर कामाला होता. गाडी राजस्थानात गेल्ती, आठ महिने तिकडंच. आखाडात परत आला तर मनगटावर एक जखम. दुखत नव्हती, खाजत नव्हती, पण भरतही नव्हती. मध्ये खड्डा, कडा उचललेल्या, वर खपली. जालन्याच्या डॉक्टरांनी खपलीखालचं काढून तपासलं आणि सांगितलं, हा वाळूमाशीचा रोग. माशी म्हणजे डासाहून बारीक, मातकट, आवाज न करणारी. जखमेपाशी चावली की रोगाचे जंतू तिच्या पोटात जातात, आणि पुढं कुणाला चावली की त्याच्या कातडीत उतरतात. दिवसभर ती भिंतीच्या भेगेत नाहीतर गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात दडून असते, अंधारलं की बाहेर येते.

भेगेचं नाव काढल्याबरोबर द्वारकाबाईला रागच आला.

"माह्या घरात भेग न्हाई," ती म्हणाली. "गोठ्यात बघा म्हणावं."

गोठ्यात होत्या. कुणाच्या गोठ्यात नसतात?

वसंताला सुया सुरू झाल्या, आणि भादव्यात गल्लीत फवारणी आली. पाठीला पंप बांधलेला सर्जेराव घरोघर फिरला. गोठा झाला, मधली खोली झाली, माजघर झालं. भिंतीवर पांढरे ओघळ उतरले. जाताना तो म्हणाला, "मावशी, तीन महिने भिंतीला हात लावायचा न्हाई. माती न्हाई, शेण न्हाई, चुना न्हाई. भिंतीवर बसली की माशी मरती. औषध झाकलं की खेळ खलास."

"बराबर हाय," द्वारकाबाई म्हणाली.

म्हणाली खरं, पण रोज सकाळी ते ओघळ बघून तिचा जीव तळमळायचा. पंधरा दिवस कसेबसे काढले, आणि घट जवळ आले. घट बसायच्या आधी दसरा काढायचा, म्हणजे घरातली गोधडीन् गोधडी धुवायची, डबे घासायचे, भिंती पोतारायच्या. हे काही आजचं नाही. गल्लीतल्या बाया गोधड्यांची गाठोडी घेऊन निघाल्या, आणि द्वारकाबाईनं माती भिजत घातली.

सून अर्पिता म्हणाली, "आत्याबाई, भिंतीचं राहू द्या यंदा. सर्जेरावभाऊ सांगून गेल्ते ना."

"सांगायला त्याचं काय जातं? देवीला या ओघळापुढं बसवू का? आन् भेग राह्यलीच न्हाई, तर माशी दडंल कुठं? सांग बरं!"

खरंच तिला तसं वाटत होतं. पोतारलं म्हणजे माशीला जागाच उरली नाही, इतका सरळ हिशेब. अर्पिता कापूस वेचायला गेली. सांजच्याला आली तर घर लख्ख झालेलं, आणि सहा वर्षांची तृप्ती कोपरापर्यंत चिखलानं माखलेली. आजीच्या मोठ्या कमानींखाली नातीच्या बारक्या कमानी उमटल्या होत्या. त्याच भिंतीला लागून दोघी एका गोधडीत निजायच्या.

पौषात तृप्तीच्या गालावर पुळी आली. द्वारकाबाईनं हळद-तेल लावलं. लेकरू रडत नव्हतं, दुखतही नव्हतं, मग दवाखान्यात कशाला न्यायचं? महिना तसाच गेला. एका सकाळी अर्पितानं वेणी घालताना मुलीचं तोंड उजेडाकडं केलं. मध्ये खड्डा, कडा उचललेल्या, वर खपली. नवऱ्याच्या मनगटावर तिनं हेच बघितलं होतं. वेणी अर्धी सोडून तिनं पोरीला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातून कळल्यावर सर्जेराव पुन्हा आला. त्यानं नखानं भिंत खरवडली. वरची माती पडली आणि खाली जुना पांढरा ओघळ दिसला.

"हे कधी पोतारलं?"

तृप्तीच म्हणाली, "दसऱ्याला. म्या अन् आज्जीनं."

सर्जेराव रागावला नाही. "औषध आत राह्यलं, मावशी," एवढंच म्हणाला. नेमकी कुठली माशी कुठं बसली ते कोण सांगणार? पण द्वारकाबाईला सांगायची गरज नव्हती.

मग दर आठवड्याला जालना. सुई थेट जखमेच्या कडेला, गालात. पोरीचं डोकं आईच्या छातीशी, पाय आजीच्या हातात. गल्लीत महारोगाची कुजबूज झाली, शेजारणीनं आपली पोरगी खेळातून उठवून नेली. शिवल्यानं हा रोग लागत नाही, असं डॉक्टर घसा फोडून सांगत होते, पण ऐकतो कोण! आणि अर्पिता सासूला एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बाईच्या घशाखाली घास तरी उतरला असता.

जखम भरली. गालावर हरभरा मावेल एवढा खड्डा राहिला, तो कायमचा.

पुन्हा दसरा आला. पुन्हा फवारणी झाली होती, भिंतीवर ओघळ होते. द्वारकाबाईनं गोधड्या धुतल्या, डबे घासले, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून भिंतीकडं पाठ करून बसली. जन्मात पहिल्यांदा घट तसल्या भिंतीपुढं बसणार होता.

तृप्ती अंगणातून आली. मुठीत भिजवलेली पांढरी माती.

"आज्जी, भिंत न्हाई तर न्हाई. हे लिप," ती म्हणाली आणि दुसऱ्या हाताचं बोट गालाच्या खड्ड्यावर ठेवलं. "हितं भेग पडली."

द्वारकाबाई चुलीपुढच्या सुनेकडं वळली. "म्याच केलं गं अर्पिता. तू सांगत होतीस. म्याच केलं."

अर्पितानं ऐकलं. तिनं वळून बघितलं नाही. तव्यावरची भाकर करपली तरी तिचा हात हलला नाही.

तृप्तीची मूठ अजून पुढंच होती.

"आज्जी, माती सुकून राह्यली," ती म्हणाली. "जल्दी लिप ना."