कमानीतला पिंपळ

तळहात आडवा धरायचा, बोटांकडून केसभर खाली कलवायचा आणि म्हणायचं, "एवढाच. एवढ्याच उतारावर खडकवासल्याचं पाणी पुण्यात आलं. पंप नाही, काही नाही." आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हे कुणालाही ऐकवत. मी हातात दुधाच्या पिशव्या घेऊन उभा असलो तरी.

अशी माणसं तुमच्याही सोसायटीत असतील. बँकेतून निवृत्त होताना पेन्शनबरोबर एक वेडही घरी आणतात. काकांचं वेड म्हणजे इंग्रजांच्या काळातला कालवा, आणि त्यातही आमच्या मागच्या ओढ्यावरून तो पलीकडे नेणारा दगडी कमानींचा पूल. पुलाला वारसा म्हणून संरक्षण होतं. त्यात उगवलेल्या पिंपळाला ते कुणी कळवलं नव्हतं.

चुन्याच्या सांध्यातून आलेला तो पिंपळ मनगटाएवढा जाड झाला होता. काकांनी खेटे घालून तोडायची परवानगी आणली. मजूर आले, बुंध्याला लावलेलं कुंकू आणि गुंडाळलेला दोरा पाहिला आणि हात जोडून परत गेले.

"मग तुम्हीच तोडा," मी म्हणालो.

"अहो, मी दर शनिवारी पिंपळाला पाणी घालतो. मी कसा तोडणार?"

"मग राहू दे."

"राहू दे? मुळं कमान फोडतील. तुमचा देवावर विश्वास नाही ना? मग तुम्हाला काय अडचण आहे?"

वर्षभर हेच. जिन्यात, वाण्याकडे, एकदा तर माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर. माझ्या नास्तिकपणाचा असा उपयोग तोवर कुणी केला नव्हता. डोकं उठवलं होतं त्यांनी.

मग काका हॉस्पिटलात गेले. तिथूनही फोन: "पाऊस तोंडावर आलाय." शेवटी वैतागून मी शिडी लावली, कोयत्यानं पिंपळ तोडला आणि संध्याकाळी त्यांना जाऊन सांगितलं.

"मुळं निघाली?"

"नाही. खोल गेलीत."

"म्हणजे परत फुटणार." त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि पुटपुटले, "पाप माझं, यांचं नव्हे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षीही जाल ना?"

मी नुसताच हसलो. त्याच आठवड्यात ते गेले.

या उन्हाळ्यात त्याच सांध्यातून तीन फुटवे आले. काल तोडून आलो. काकांचा भयंकर राग येत होता. माणसानं असलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकून जाऊ नये. तिसरा तोडल्यावर लक्षात आलं, या वेळचं पाप स्वतःवर घ्यायला कुणी नाही. आणि मी, नास्तिक माणूस, शिडीवरच रडलो.