माझी पदवी आणि मायचं छत

माझ्या पदवीवर छत पडलं. हे मी अलंकारिक बोलत नाही. बी.एस्सी.चं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून मी समोरच्या खोलीत लावलं होतं. दारातून शिरणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच पडावी, अशा बेतानं. एका सकाळी वरच्या प्लास्टरचा भाकरीएवढा पोपडा सुटला, चौकटीच्या कडेवर आदळला आणि चौकट खिळ्यासकट खाली आली. काच फुटली. पदवीला काही झालं नाही, फक्त कुलगुरूंच्या सहीवर एक ओरखडा आला.

"डिग्री हाय म्हणून वाचली," माय म्हणाली. "माणूस असता तं डोक्स्यालेच लागलं असतं."

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. हे मी जरा जास्तच वेळा सांगते, असं लोक म्हणतात. म्हणू द्या. बाप मी लहान असतानाच गेला. मायनं बांधकामावर घमेली उचलून मला शिकवलं. आमच्याकडे अशा बाईला रेजा म्हणतात. मिस्त्री वर फळीवर उभा राहतो, थापीनं माल लावतो. रेजा खाली रेती, सिमेंट, पाणी कालवते आणि तो माल घमेल्यातून वर पोचवते. माय बावीस वर्षं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली रेजा होती. अजूनही जाते. मी आता शाळेत विज्ञान शिकवते, तरी जाते. घरी बसून काय करू, म्हणते.

हे घरही त्याच मिस्त्रीनं बांधलं. मायनंच त्याची घमेली वाहिली. मधे दोन पावसाळे स्लॅब गळला. वरून गळती बंद करून झाली होती, पण खालचं प्लास्टर सुटायला लागलं होतं. आणि दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई होती. मंडई म्हणजे घराघरात पाहुणे. दिवसा जत्रा, बाजार, प्रत्येक ओट्यावर चहा, आणि मग नाटक. पाहुण्यांना काय, छत्री देऊन बसवायचं?

मी मिस्त्रीकडे गेले. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. ते अंगणात खाटेवर बसून मिशीला तेल लावत होते.

"मिस्त्रीभाऊ, आमच्या छताला प्लास्टर मारून द्या. मंडईच्या आधी."

"मंडईच्या आधी नाई जमत, मास्तरीनबाई. यंदा गावच्या नाटकात मी खलनायक आहो. मिशी वाढवून राह्यलो. छत मारताना सिमेंट तोंडावर उडते. मिशी झडते."

"मिशीला फडकं बांधा."

"खलनायकाच्या मिशीले फडकं?" ते खरोखर दुखावले. "मंडई होऊ द्या. मंग येतो."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला एक खोड असते. आपल्याला जे येत नाही ते फक्त अजून वाचायचं राहिलंय, असं त्याला वाटतं. मी म्हणाले, "मग मीच मारते."

मिस्त्री हसले. नुसते हसले नाहीत, खलनायकासारखे हसले. तालमीत शिकले असावेत. "बाई, भिंत नाई ते. भिंतीचा माल पडला तं पायावर पडते. छताचा पडला तं सिधा डोळ्यात येते."

"मंडईच्या दिवशी चहाला या. त्याच छताखाली बसा."

"येतो," मिस्त्री म्हणाले. "टोपी घालून येतो."

घरी येऊन सांगितलं तर मायनं हातातली परात खाली आपटली. "तुले काऊन बोलावं लागते वं? तू आपली शाळेत जाशील. मले त्याईच्याच साइटवर जा लागते. छत पडलं तं दिवसभर मलेच ऐकाव लागन, पोरीची डिग्री कुठी गेली, पोरीची डिग्री कुठी गेली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पैज मी लावली होती, पण हरलो तर भोगायची होती मायला.

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी वडशाच्या बाजारात जाऊन एक नवी थापी आणि एक गुरमाळा आणला. गुरमाळा म्हणजे प्लास्टर घासून सपाट करायची पाटी. मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले. त्यातली माणसं छत मारताना हसत होती. ती का हसत होती ते मला अजून कळलेलं नाही. दोन रिकाम्या ड्रमांवर फळी टाकली. तीन दिवस छन्नी-हातोडीनं सैल झालेलं जुनं प्लास्टर पाडलं, माल चिकटावा म्हणून स्लॅबला टोचे मारले. चौथ्या दिवशी स्लॅब पाण्यानं भिजवला आणि सिमेंटचा पातळ घोळ वर शिंपडला. हे सगळं माय खालून सांगत होती. काय करायचं ते तिला सगळं पाठ होतं. पण फळीवर चढायचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही.

"माल बनव," मी वरून म्हणाले. "एकास तीन. वाटीनं मोजून घे."

मायनं माझ्याकडे पाहिलं. रेतीच्या ढिगाकडे पाहिलं. सिमेंटच्या थैलीतून फावड्यानं अंदाजे ओढलं आणि कालवायला लागली. वाटी तिनं चुलीजवळ परत नेऊन ठेवली.

मी थापीवर पहिला गोळा घेतला आणि छतावर फेकला. तो चिकटला. मी आनंदानं खाली पाहिलं, आणि तो माझ्या मानेत पडला. दुसरा कानात. तिसरा व्हिडिओतल्यासारखा अगदी झटका देऊन मारला, तो डोळ्यात. गुरुत्वाकर्षण मी सातवीला दर वर्षी शिकवते. सफरचंदाचं उदाहरण देते. पुढच्या वर्षीपासून देणार नाही.

अर्ध्या तासात दाराजवळ हातभर तुकडा कसाबसा लागला. तो सपाट नव्हता, पण वर होता. डोळे पुसून मी खाली पाहिलं तर फळीजवळ सहा घमेली ओळीनं भरून उभी होती. आमची दोन, बाकीची शेजाऱ्यांची.

"माय, हे काय?"

"माल."

"अगं, पहिलं घमेलं संपलं नाही अजून!"

"मिस्त्रीचा हात रिकामा नाई राह्यला पाह्यजे," माय म्हणाली आणि सातवं कालवायला वाकली. बावीस वर्षांची सवय. मिस्त्रीनं मागायच्या आधी माल त्याच्या हाताशी असला पाहिजे, नाहीतर वरून शिवी येते. मिस्त्री कोण आहे, त्याला येतं की नाही, हे पाहणं रेजाचं काम नव्हतं.

"थांब गं! हा मिस्त्री रिकामा नाहीये, आंधळा झालाय!"

माय थांबली. मग तिनं पहिल्या घमेल्यात बोट खुपसलं आणि तिचा चेहरा उतरला. "धरून राह्यला वं."

माल धरायला लागला म्हणजे थोड्या वेळात दगड होतो, मग फेकायचाच. आणि माल फेकणं हे माझ्या मायला जमत नाही. साइटवर खाली सांडलेला मालसुद्धा तिनं खरवडून पुन्हा घमेल्यात भरलेला आहे. तिनं त्या ओळीकडे पाहिलं, वर माझ्याकडे पाहिलं, आणि पदर कमरेला खोचला.

"उतर."

"काय?"

"उतर म्हणतो ना. सहा घमेले माल हाय."

मी उतरले. माय ड्रमावर पाय देऊन फळीवर चढली आणि माझ्या हातातली थापी घेतली. हे नीट सांगायला हवं. बावीस वर्षं रोज संध्याकाळी मिस्त्रीची थापी मायच धुवायची, पुसायची, पोत्यात गुंडाळून ठेवायची. पण थापीवर माल तिनं कधी घेतला नव्हता. कोणी मनाई केली नव्हती. कोणी दिली नव्हती, एवढंच.

तिनं माल घेतला, मनगट फिरवलं. थप्. चिकटला. थप्. त्याच्या शेजारी. थप्. मी वर तोंड करून उभी होते आणि माझ्या तोंडावर काहीच पडत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं.

"माय, तू तर उजव्या हाताची आहेस."

तिनं हाताकडे पाहिलं. थापी डाव्या हातात होती. जणू दुसऱ्याच कोणाचा हात असल्यासारखी ती पाहत राहिली. मग थापी उजव्या हातात घेतली, माल फेकला, आणि तो सरळ माझ्या कपाळावर आला. तिनं निमूटपणे थापी पुन्हा डाव्या हातात घेतली.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "मिस्त्री असाच मारते."

मिस्त्री डावखुरे आहेत. मायनं आयुष्यात एकाच माणसाला छत मारताना पाहिलं, आणि तो डावखुरा निघाला.

त्यानंतरचे दोन तास मी विसरणार नाही. फळीवर चढलेली माझी माय माझी माय राहिलीच नाही.

"माल!"

मी घमेलं उचललं. घमेलं जड असतं हे मला माहीत होतं, पण पुस्तकातल्यासारखं माहीत होतं.

"अवो रेजाबाई, झोपली का? पाणी टाक. जादा नको! हे काय वरण हाय? आता घट्ट झाला. लाडू बांधतेस का?"

एकेक वाक्य मिस्त्रीचं होतं. आवाज, खाकरणं, सगळं. ती चिडली नव्हती. बावीस वर्षं जे ऐकलं ते त्या फळीवरून आपोआप बाहेर येत होतं. मी बी.एस्सी., डोक्यावर चुंबळ, हातात घमेलं, "हो, हो, आणते" म्हणत पळत होते. चौथ्या घमेल्यानंतर माय फळीवर पाय सोडून बसली आणि मानेला पदर लावून म्हणाली, "चहा सांग."

सांगणार कोणाला? घरात मीच होते. मीच केला, मीच दिला.

चहा पिता पिता तिनं खाली ठेवलेल्या घमेल्यांकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "वरून हलकं दिसते नाई हे?"

ती उठली आणि गुरमाळा मागितला.

संध्याकाळच्या आधी छत झालं. माझा हातभर तुकडा तेवढा दाराजवळ राहिला. मी म्हणाले, हा पाडून नीट कर. माय म्हणाली, "राहू दे. तुयं हाय." मग सात दिवस तराई, म्हणजे प्लास्टर भिजवत राहायचं. छताची तराई म्हणजे तांब्यानं पाणी वर फेकायचं. निम्मं छताला, निम्मं आपल्याला. त्या आठवड्यात मला वेगळी आंघोळ लागली नाही.

मंडईच्या आदल्या दिवशी माय म्हणाली, "मिस्त्रीभाऊ आले का सांगजो, तूच मारलं."

"का?"

"रेजानं थापी धरली म्हटलं तं त्याईले कसं वाटन? मंडई झाली का मले तेथीच जा लागते."

"खोटं बोलू?"

"डिग्रीवाल्याले खोटं बोलाले येत नाई का?"

खरं सांगते, मला तो विचार आवडला. पैज माझी होती. छत उभं होतं. मोठ्या मावशीसमोर, आतेभावांसमोर मिस्त्रीला "मी" म्हणायला मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. मिशी दोन्ही बाजूंनी वर वळवलेली, आणि बोलल्याप्रमाणे डोक्यावर टोपी. खोलीत पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. मिस्त्री खुर्चीत बसले, वर पाहिलं आणि टोपी काढली.

"कोणं मारलं?"

"मी," मी म्हणाले.

ते उठले. दारातून येणाऱ्या उजेडात मान तिरपी करून छताकडे पाहत खोलीभर फिरले. पाहुणे चहा पिता पिता मान वर करून त्यांच्यासोबत फिरले.

"गुरमाळ्याचे फेर पाहा," मिस्त्री म्हणाले. "सगळे डावीकडून गेले. हे डाव्या हाताचं काम हाय. तुमी खडू कोणत्या हातात धरता, मास्तरीनबाई?"

मी उजवा हात मागं नेला. उशीर झाला होता.

"आजूबाजूच्या गावात डावखुरा मिस्त्री एकच. आन् तो तं मिशी वाढवत बसला होता."

माय चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. "घ्या भाऊ, थंडा होते." सिमेंटनं तिच्या डाव्या हाताची बोटं फाटली होती. तिनं तो हात ताटाखाली लपवला, पण ताट एका हातानं धरता येत नव्हतं.

मी म्हणाले, "मायनं मारलं. मी रेजा होते."

मिस्त्रींनी कप घेतला, पुन्हा वर पाहिलं आणि थापीनं दाखवावं तसं बोटानं दाखवलं. "कोपऱ्यात पोट आलं, बाई. फुगलं हाय."

बावीस वर्षं मायनं त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तोंडातून निघूनच गेलं. "तुमच्या घरच्या छताले बी तेथीच आलं हाय, भाऊ. दुकानवाल्याच्या बी. मी तसंच शिकलो."

आधी मावशी हसली, मग सगळी खोली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, मग चहा प्याले. जाता जाता दाराजवळ थांबून माझ्या तुकड्याकडे पाहिलं. "आन् हे काय चिकटलं? बेडूक?"

"ते माझं आहे," मी म्हणाले.

"दिसतेच," मिस्त्री म्हणाले. मग मायकडे वळले. "सोमवारी थापी आणजा, बाई. तुमची. माही थापी माही मी धुवून घेईन."

मंडई झाल्यावर मी पदवीला नवी काच बसवून आणली. खिळा ठोकायला दाराजवळ उभी राहिले, शिरणाऱ्याची नजर आधी पडेल अशा जागी. माय स्वयंपाकघरातून ओरडली.

"तुया तुकड्याखाली नको लावू वं. मी मारलं तेथी लाव. तेथी नाई पडन."

मी चार पावलं आत सरकले आणि खिळा ठोकला.