एक पट्टा, दोन मनगटं

काळोखात मनगटावरची पकड हळूहळू आवळत जाते, बारीक घुरघुर होते, शीर ठणकू लागते आणि मग एक सुस्कारा सोडून ती पकड सैल पडते. रक्तदाब मोजणाऱ्या घड्याळवजा पट्ट्याचा हा स्पर्श प्रथम झाला, तेव्हा कुणीतरी हात धरून उठवतंय असंच मला वाटलं. रात्रभरात आठ-दहा वेळा असा हात धरला गेला, तर निद्रादेवी तरी किती वेळ उंबऱ्यात तिष्ठत उभी राहणार!

डॉक्टर म्हणाले होते, निद्रेत रक्ताचाही दाब उतरतो. तुमचा उतरतो की नाही, ते घरच्या घरी पाहू. ऐकून गंमत वाटली आणि धास्तीही. साठ वर्षं ज्या देहात राहिलो, तो माझ्या अपरोक्ष रात्री काय करतो, हे मलाच ठाऊक नसावं? अकोल्याला दिलेल्या आमच्या लेकीनं, प्रज्ञानं, अमरावतीला येऊन हा पट्टा दिला आणि आकडे तिच्या मोबाइलवर जातील अशी व्यवस्थाही करून ठेवली.

चार रात्री सोसल्या. पाचव्या रात्री पट्टा काढून उशाशी ठेवला नि गाढ झोपलो. सकाळी चहाच्या आधी फोन. “बाबा, रातच्याले पट्टा बांधला नाही काय? मले इथं घोर लागते ना!”

मी धरणावरच्या कचेरीत पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवण्यात हयात घालवलेला माणूस. रकाना कोरा राहिला की वरून विचारणा होते, भरलेला असला की कुणी ढुंकूनही पाहत नाही, हे ज्ञान माझ्या हाडीमाशी खिळलेलं. एखाद्या दिवशी मापकापर्यंत जाणं झालं नाही, तर आभाळाकडे पाहून अंदाजानं आकडा टाकायचा, ही माझी रीत. आभाळानं कधी तक्रार केली नाही. म्हणूनच माझ्या पत्नीनं, वनमालानं, हात पुढे केला आणि म्हणाली, “द्या मले. पोरीले काय समजते, हात कोनाचा हाये थे?”, तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. एक रात्र माझी, एक रात्र तिची, असं ठरलं. लेक निश्चिंत झाली आणि मीही.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी सरासरी पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि झोपतानाची गोळी वाढवली. नवल असं, की यात वनमालाच्या रात्री मिसळल्या आहेत हे सांगायचं मला सुचलंसुद्धा नाही. धडधाकट बाईचे आकडे, ते माझं काय बिघडवणार? पण गोळी वाढल्यापासून सकाळी उठलं की भिंत सरकू लागे, अंगणातल्या नळापर्यंत जाताना तोल जाई. पट्ट्याचीही सवय झालेली, झोप उत्तम, भूक उत्तम, आणि तरी रक्त म्हणे रात्री चढतं नि सकाळी मला पडायला होतं! विश्वास ठेवावा तरी कशावर, यंत्रावर, गोळीवर की स्वतःच्या पायांवर? विचार करून करून डोकं पिंजलं, उलगडा मात्र होईना.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी प्रत्येक रात्रीचे आकडे वेगळे काढून कागद टेबलावर पसरला. एक रात्र उतरलेली, दुसरी चढलेली. पुन्हा एक उतरलेली, पुन्हा एक चढलेली. “असं कसं होईल?” ते पुटपुटले. मी बोटांवर वार मोजले. मंगळवार माझा, बुधवार तिचा, गुरुवार माझा. उतरलेल्या साऱ्या रात्री माझ्या होत्या आणि चढलेली प्रत्येक रात्र तिची होती. ती बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, माझी सोबत म्हणून.

मी सारं कबूल केलं. डॉक्टर रागावले, ते रास्तच होतं. तिला आत बोलावलं, तर ती दारातच थबकली. “मले काय झालं? मी त यायच्यासंग आली!” माझी गोळी कमी झाली, तिच्या तपासण्या लिहून दिल्या गेल्या आणि पट्टा आता रोज तिनंच बांधायचा असं ठरलं.

त्या रात्री तो मीच तिच्या मनगटावर बांधला. पस्तीस वर्षं शेजारी निजणाऱ्या माणसाच्या देहात रात्री काय चढत होतं, त्याची मला गंधवार्ताही नसावी! मी विचारलं, “झोप काहून येत नाही तुले?” ती छताकडे पाहत म्हणाली, “तुमचं हे निंघालं तवापासून नाही येत. तुमचा श्वास चालू हाये का नाही, थे पाहा लागते ना मले.”

मला लाज वाटली, मायाही दाटून आली, आणि दोन्हींत मी पुरता हरवून गेलो. काळजीनं दाब चढला, की दाब आधीच होता नि काळजीनं तो केवळ उघडा पाडला? तपासण्यांआधी डॉक्टरही सांगू शकत नाहीत, तिथं माझी काय कथा? “आज तू झोप, मी जागतो,” एवढंच म्हणालो. ती खरंच झोपली. पट्टा आवळला, सैल झाला, आकडा उजळला. कालच्यापेक्षा बराच खाली. मी अंधारात तिचा एकेक श्वास ऐकत पडलो होतो. माझं मनगट मोकळं होतं. त्यात त्या वेळी काय चढत होतं, ते कुणी मोजलं नाही.