पेल्यातली फळी

नव्वदच्या सुमारास जालन्याहून परतूरवरून पुढं सेलूकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये एक संशोधक दर सोमवारी माझ्यासमोर बसायचा. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या आणायला तो परतूरला जायचा. त्यांच्या भुग्याची तो लाकडासारखी फळी करायचा, डिंकही पऱ्हाटीतूनच काढायचा. पण पाणी लागलं की ती फळी सुटायची.

गाडी हलली की पेल्यात पाणी ओतून फळीचा तुकडा बुडवायचा आणि मधूनमधून चिमटीत दाबून बघायचा.

"मागच्या खेपेला कोडी टेशनालाच लगदा झाल्ता," म्हणायचा. तुकडा पुढच्या रांजणी स्टेशनापर्यंत टिकला त्या दिवशी त्यानं डब्यात शेंगदाणे वाटले.

एका सोमवारी परतूर आलं, तरी तो उठेना.

"उतरायचं न्हाई का, साहेब?" मी विचारलं.

त्यानं तुकडा दाबला.

"अजून कडक हाय. सेलूपर्यंत जाऊन बघतो."