जुन्या भावांचे रविवार

लॅपटॉपमधली जागा भरत आली म्हणून परवा जुन्या फायली उडवायला बसले, आणि तासाभरात एकही उडवता आली नाही. नुसत्या शेअरच्या जुन्या भावांच्या फायली. तारीख, बाजार उघडतानाचा भाव, बंद होतानाचा भाव, बास. पण प्रत्येकीला कुणीतरी चिकटलेलं. ‘शुभांगी उलटी’, ‘तात्या अमावस्या’, ‘तात्या खरं फायनल’. असल्या फायली उडवायच्या कशा?

बारामतीत भिगवण रोडला पहिल्या मजल्यावर माझं शेअर ब्रोकरचं छोटं ऑफिस आहे. रविवारी बाजार बंद, म्हणून सकाळी आमची बैठक. जगदाळे सर हे गणिताचे निवृत्त शिक्षक. मलाही नववीत तेच होते, त्यामुळे माझ्याच ऑफिसात मी अजून त्यांच्यापुढे पाय खाली घेऊन बसते. शुभांगी सांगवीची, पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची करते. आणि दत्तूतात्या सणसरचे. ऊस, शिवाय एकरभर डाळिंब.

तात्यांची थोडी जमीन रस्त्यात गेली, तिचे पैसे आले, आणि लगेच पुतण्यानं एका कंपनीचं नाव त्यांच्या कानात सांगितलं. सगळे पैसे तिच्यात घालायचे म्हणून तात्या माझ्याकडे आले. सर तिथंच बसलेले. ते म्हणाले, आधी तिचे मागचे भाव वाचायला शिका, मग घाला. तात्यांना वाटलं, दोन रविवारात उरकेल. दीड वर्ष लागलं.

*

पहिल्याच रविवारी मी पुतण्याच्या कंपनीचा दहा वर्षांचा आलेख उघडला. रेघ मजेत वर चालली होती, आणि मध्येच एका दिवसात हजारावरून दोनशेवर कोसळली. तात्या खुर्चीतून उठलेच.

“हितं कोणतरी पैसं घेऊन पळालंय.”

मी समजावलं की पळालं कुणी नाही. कंपनीनं एका शेअरचे पाच केले. ज्याच्याकडे एक होता त्याच्याकडे पाच आले, म्हणून एकाचा भाव पाचव्या हिश्शावर आला. याला स्प्लिट म्हणतात. जुने भाव त्या हिशेबानं दुरुस्त केलेली फाइल वेगळी मिळते, नेहमी तीच बघायची. दुरुस्त फाइल उघडली तर तो खड्डा गायब. तात्यांनी दोन्ही आलेख तीनतीनदा बघितले आणि घरी गेले.

त्याच आठवड्यात त्यांची डाळिंबं निघाली. इंदापूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला की कालच्यापेक्षा क्रेटला निम्माच भाव निघालाय, बाजार पडलाय. एरवी तात्यांनी तोंड पाडून ‘बरं’ म्हटलं असतं. या खेपेला त्यांनी शांतपणे विचारलं, “भाव पडलाय, का क्रेटाचं स्प्लिट झालंय?”

व्यापाऱ्याला शब्द कळला नाही, पण प्रश्न बरोबर कळला. तो म्हणाला, आजचं क्रेट दहा किलोचं आहे. कालचं वीसचं होतं.

*

हा किस्सा अगदी छोटा आहे. फायलीत मधल्या तारखा गाळलेल्या दिसल्या म्हणून तात्यांना माझा संशय आला. मी सांगितलं, शनिवार-रविवार बाजाराला सुट्टी असते, दिवाळी-दसऱ्यालाही असते. तात्या म्हणाले, “आमच्या म्हशीला ह्यातलं कायबी सांगू नका.”

*

शुभांगी आमच्यात सगळ्यात हुशार. एक्सेल तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिनं एक नियम काढला होता. शेअर सलग चार दिवस एका ठरावीक पद्धतीनं हलला की घ्यायचा, आणि वीस दिवसांनी विकायचा. दोनशे कंपन्यांच्या जुन्या फायलींवर तो तिनं चालवून बघितला आणि नफ्यानुसार पहिल्या दहा कंपन्यांची यादी काढली. घरी नवऱ्याला सांगूनही झालं. मिरचीचे पैसे खात्यावर आले होते. सोमवारी सकाळी खरेदी करायची म्हणून रविवारी ती यादी फक्त दाखवायला घेऊन आली.

सरांनी यादी वाचली आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. ही कंपनी गेली तीन वर्षं नुसती घसरतेय, असं पेपरात रोज येतं, मग हिच्यात नफा कसा? शुभांगीनं फाइल उघडली. सर वाकून बघत राहिले. मग त्यांनी तिला पहिल्या ओळीची तारीख वाचायला लावली. नंतर शेवटच्या ओळीची.

फाइल उलटी होती. ताजी तारीख वर, जुनी खाली. वरून खाली वीस ओळी मोजत शुभांगी आज शेअर घेत होती आणि वीस दिवस आधी विकत होती. जो शेअर जितका बुडालेला, तितका तिचा नफा मोठा. पहिल्या दहा म्हणजे नेमक्या शेवटच्या दहा.

तिचा चेहरा असा उतरला की मी चहा सांगितला. सरांनी मात्र कागद नीट घडी घालून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “यादी उत्तम आहे. जपून ठेव. फक्त यातलं काही घेऊ नकोस.”

*

तात्यांचा स्वतःचा नियम अमावस्येचा. दोन वर्षांच्या फायलीत त्यांनी कॅलेंडर बघून अमावस्यांवर पेननं खुणा केल्या, आणि त्यांना दिसलं की अमावस्येला शेअर घेतला तर आठवड्यात वर जातो. मोजून दाखवलं, खरंच जात होता. सर म्हणाले, छान, आता त्याच्या आधीची दहा वर्षं मोजू.

ती मोजायला तीन रविवार गेले. मी तारखा वाचायच्या, तात्यांनी खुणा करायच्या. निघालं असं की अमावस्येला जेवढ्या वेळा भाव वर गेला तेवढ्याच वेळा पौर्णिमेला गेला, आणि तेवढ्याच वेळा कुठल्याही मंगळवारी. दोन वर्षांचा तो नुसता योगायोग होता. सरांना वाटलं, तात्या नाराज होतील. तात्या उलट खूश. अमावस्येनं फायदा होत नाही, पण तोटाही होत नाही, असा त्यांनी अर्थ काढला होता.

पुढच्या अमावस्येला त्यांनी जाऊन ट्रॅक्टरला जोडायचा रोटाव्हेटर घेतला. दुकानदार म्हणाला, या दिवशी यंत्र घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय. दिवसभर दुसरं कुणी फिरकलं नव्हतं, त्यामुळे भावही चांगला पाडून मिळाला. घरी त्यांच्या बायकोनं, हिराकाकूंनी विचारलं, आजच कशाला आणलंत? तात्या म्हणाले, “बारा वर्षाचा डेटा बघितलाय.” काकूंनी पूजा दुसऱ्या दिवशी केली.

*

शुभांगीनं एकदा आजच्या तीस मोठ्या कंपन्या घेतल्या आणि वीस वर्षं मागं गेली. सगळ्याच्या सगळ्या वाढलेल्या. ती म्हणाली, म्हणजे कुठलाही शेअर वीस वर्षं धरला की झालं. मला तर पटलं होतं.

पुढच्या रविवारी सर प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी कागदी शेअर सर्टिफिकेटं घेऊन आले. नोकरी नवीन असताना घेतलेली. शुभांगीला म्हणाले, हे नाव शोध. तिनं शोधलं. मग मी शोधलं. भाव नाही, आलेख नाही, नावसुद्धा नाही. कंपनी कधीच बंद पडली होती. सर म्हणाले, आज जे उभे आहेत त्यांचीच तू यादी केलीस. जे पडले ते यादीत येणार कुठून?

शुभांगीनं विचारलं, मग यांचा डेटा मिळायचा कुठं?

“आमच्या घरी,” सर म्हणाले. “दर दिवाळीला साफसफाई करताना ही पिशवी निघते, आणि आमची ही तो मला पहिल्यापासून वाचून दाखवते.”

*

एवढं शिकून झाल्यावर तात्यांना आत्मविश्वास आला. एका शेअरचा जुना आलेख बघून ते म्हणाले, मधे पडला, पण नंतर केवढा वाढला. मी असतो तर विकलाच नसता. सर म्हणाले, बघू या.

त्या दिवशी तात्यांबरोबर हिराकाकू आल्या होत्या. मंडईतलं काम झाल्यावर एकत्र परत जायचं, म्हणून कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. सरांनी मला नाव झाकून एका कंपनीच्या भावांची फाइल उघडायला लावली आणि एका लग्नपत्रिकेनं पुढचे सगळे महिने झाकले. कागदावर तात्यांना शंभर शेअर दिले. पत्रिका एकेक महिना सरकणार, आणि प्रत्येक वेळी सांगायचं, ठेवायचे का विकायचे. सरांनी काकूंनाही शंभर दिले. काकू म्हणाल्या, मला कशाला, पण घेतले.

भाव दोनशे. मग दोनशे साठ. तात्या खुशीत. मग एकशे ऐंशी. तात्या म्हणाले, ठेवा. मग एकशे दहा. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हे खरे पैसे नाहीत हे ते विसरले होते, आणि खरं सांगायचं तर मीही विसरले होते. भाव ऐंशीवर आला तेव्हा तात्या म्हणाले, विका, समदं विका.

काकू प्रत्येक वेळी सरांना एकच विचारत होत्या, कंपनी चालू हाय का? सर म्हणायचे, चालू आहे. काकू म्हणायच्या, मग ऱ्हाऊ द्या.

पत्रिका पूर्ण सरकली तेव्हा भाव चारशेच्या वर होता. सरांनी लगेच कबूल केलं की त्यांनी तगून राहिलेली कंपनी निवडली होती, बुडालेलीही निवडता आली असती. पण कुतूहल त्यांनाही होतंच. त्यांनी काकूंना विचारलं, ऐंशी झाला तरी तुम्ही का विकला नाहीत?

“विकायचं कुठं, ते मला कुठं म्हाईत हाय?” काकू म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त वेळ तात्या हसले.

दोन रविवारांनी दोघं परत आले, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन. पुतण्याची कंपनी मागं पडली होती. जमिनीच्या पैशातला बराचसा बँकेत ठेवायचा, उरलेला चार-पाच कंपन्यांत, दर महिन्याला थोडा थोडा, असं घरी ठरलं होतं. आणि खातं काकूंच्या नावानं. मी फॉर्म काढला. तात्या जरा पुढं वाकले आणि काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाले, “हिला विकायचं तेवढं दावू नका.”

मग ते आधारची झेरॉक्स काढायला खाली गेले. जिन्यावर त्यांच्या वहाणांचा आवाज येत होता तोवर काकू तिकडंच कान देऊन होत्या. आवाज थांबला तशा त्या उठून तात्यांच्या खुर्चीत येऊन बसल्या, पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि माझा लॅपटॉप स्वतःकडं वळवून घेतला.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता दाव बाई, विकायचं कुठं असतंय ते.”