बंदीच्या खाली लिहिलेली ओळ

जूनमधला दुसरा सोमवार. हजर: प्राचार्य, ग्रंथपाल, मोठे बाबू आणि मी. जागा: मोताळ्याच्या आमच्या कॉलेजचं ऑफिस. चहा देणाऱ्या मावशीही होत्या. त्यांना मी हजेरीत धरलं नाही.

विषय एकच. इंटरनेट रडतखडत चालत होतं, परीक्षेचे फॉर्म अडकत होते. संगणकखोली माझ्याकडे, म्हणून राउटरमध्ये फिल्टर लावायचं काम माझं. काय चालू ठेवायचं, काय अडवायचं, याची यादी मी तिथंच वाचून दाखवली.

बाबू म्हणाले, "मॅडम, आता पानी प्यालेबी यादीत नाव लागन का?"

सगळे हसले. तिसऱ्या दिवशी सिनेमे, गेम, व्हिडिओ कॉल बंद. फॉर्म भराभर जाऊ लागले.

आठवड्यानं मावशी दाराशी आल्या. "मॅडम, फोनात लेक दिसत नाही."

त्यांच्या लेकीला ऐकू येत नाही. ती जळगावला, सासरी. मावशींच्या गावात रेंज नाही, नेटपॅक परवडत नाही, म्हणून दुपारच्या सुट्टीत जिन्याखाली बसून कॉलेजच्या वायफायवर त्या तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलायच्या. मी लगेच मावशींच्या फोनला परवानगी देणारी ओळ लिहिली, "झालं" म्हटलं, वहीत खूण केली. कॉल लावून पाहिला नाही.

दिवाळीनंतर फिल्टर तपासताना त्या ओळीपुढे वापराचा आकडा दिसला: शून्य. राउटर ओळी वरून खाली वाचतो आणि पहिली लागू पडली की थांबतो. परवानगी मी बंदीच्या खाली लिहिली होती. इतकी वर्षं हे काम करते, तरी. ओळ वर घेतली आणि जिन्याकडे गेले.

"मावशी, आता लावा बरं कॉल."

"आता कशाले, मॅडम? थे दुपारी कामाले जाते. माय दिसतच नाही त किती दिवस फोन धरून बसन?" कप विसळता विसळता त्या हसल्या. "तुमी झालं म्हनल्या, म्हून मले वाटलं माह्याच फोनात खोट हाये. बाजाराच्या दिवशी दोनदा दुकानात दाखोला."

मी नुसतं "हं" म्हटलं आणि वर आले.

तेव्हापासून वहीत एक काम आहे: मावशींना सांगणे, फोन चांगला होता, चूक माझी. उरलेली कामं मी रोज संध्याकाळी पुढच्या पानावर उतरवते. आजही ते उतरवलं.